आबांनी कंप्युटर रेंजला नेला

आमच्या टेंभुर्णीच्या घरात एक कंप्युटर आहे आणि आबांच्या मते तो जनावर आहे. आबा म्हणजे माझे वडील. त्यांचं निम्मं आयुष्य मेंढरांमागे हिंडण्यात गेलं, आणि माझ्या धाकट्या भावाला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा उरलासुरला कळप विकून त्यांनी हा कंप्युटर आणला. मेंढरं ज्या दाराने गेली त्याच दाराने तो आत आला, त्यामुळे मेंढरांचे सगळे मानपान आपोआप त्याच्याकडे आले. दुपारी तो बंद ठेवायचा, कारण जनावराला रवंथ करू द्यावं लागतं. थंडीत त्याच्यावर घोंगडी टाकायची. अमावस्येला जागेवरून हलवायचा नाही. दृष्ट लागू नये म्हणून गळ्यात काळा दोरा बांधायचा, आणि कंप्युटरला गळा नसल्यामुळे तो पोटावर बांधायचा.

भाऊ त्याच्यावर शिकला, नोकरीला लागला, जर्मनीला गेला आणि तिकडेच त्याने संसार थाटला. कंप्युटर इथेच राहिला. आबा रोज सकाळी तो चालू करतात, पडद्यावर येणारं हिरवंगार कुरण बघतात आणि समाधानाने बंद करतात. भावाने मागे एकदा सुट्टीत येऊन त्यात नवीन काय काय भरलं, मोठा चपटा पडदाही आणून जोडला, पण ते कुरण आबांनी काढू दिलं नाही. "एवढा चारा आता इकडं कुठं ऱ्हायला," म्हणाले.

मी जुन्या जालन्यात राहते, शाळेत शिकवते, आणि माहेरी मला चिडकी म्हणतात. मला ते मान्य नाही. माझ्या माहेरी चार दिवस राहून कोणीही शांत माणसाने दाखवावं, मग बोलू.

तर भावाला मुलगा झाला. सगळ्यांना आनंद झाला आणि आईला घाई झाली. आईच्या डोळ्यांचा पडदा शुगरने खराब केलाय. मधोमध काळा डाग आहे, कडेकडेनं थोडं दिसतं, आणि जे उरलंय तेही टिकणार नाही असं डॉक्टरांनी तिच्यासमोरच सांगितलं. गेल्या साली ती तांदूळ निवडायची, यंदा ती तांदूळ चाचपते. मोबाईल तिच्या कामाचा राहिलेला नाही. त्यावर तिला माणूस दिसत नाही, नुसता उजेड दिसतो.

"मला एकदा त्याचं तोंड बघू द्या," ती म्हणाली. "एकदा बघितलं की मंग अंधार पडला तरी माझी तक्रार न्हाई."

हे तिने रडून वगैरे सांगितलं नाही. लसूण सोलता सोलता सांगितलं, त्यामुळे मला जास्तच लागलं.

माझ्या डोक्यात लगेच सोपे उपाय आले. सोपे उपाय आमच्या घरी चालत नाहीत हे मी दर वेळी विसरते. मी म्हटलं, भावाला सांगून बाळाचा फोटो मागवते आणि जालन्यात भिंतीएवढा करून आणते. आईने हातातला लसूण खाली ठेवला.

"आपल्या घरात मोठा फोटो कुणाचा करत्यात, बाई? तुझ्या आज्याचा केला, तो गेल्यावर. आजीचा केला, ती गेल्यावर. आन जित्या लेकराचा करून आणती व्हय?"

मग मी माझा लॅपटॉप आणायचं म्हटलं. त्याचा पडदा आईला पुरला नसता, तेव्हा तो आबांच्या मोठ्या पडद्याला जोडू म्हटलं. आता आबा उठले.

"तोंड ह्याचं आन धड दुसऱ्याचं? असं एकदाच झाल्तं, आन त्याला देव म्हणून बसवावं लागलं."

"आबा, मग नवीन टीव्ही घेऊ. जुना तसाही विजेच्या दाबाने जळलाय."

"बाप ज्याच्यावर शिकला त्याच्यावरच लेकरू दिसलं पाह्यजे. बास. त्यानं ह्या घराचं इतकं केलं, आन आनंदाच्या येळंला त्याला कोपऱ्यात ठिवायचं?"

आबांचं एकदा 'बास' झालं की त्यापुढे चर्चा नसते. भावाला फोन केला तर तो म्हणाला, ताई, सोपंय, त्याला वायफाय नाही म्हणून फक्त एक डोंगल लाव, बाकी सगळं चालेल. दूर राहणाऱ्या माणसाला इथलं सगळंच सोपं वाटतं.

बारसं रविवारी दुपारी ठरलं होतं, म्हणजे तिकडे सकाळ. आत्या मी एकटीच, त्यामुळे बाळाच्या कानात नाव मीच घ्यायचं होतं आणि तोपर्यंत ते कोणी उच्चारायचं नव्हतं. बोलायचं फोनवरून, बघायचं कंप्युटरवर, असा आमचा बेत होता. शनिवारी दुपारी मी जालन्याहून डोंगल घेऊन टेंभुर्णीला पोचले. नखाएवढी वस्तू. आबांनी ती तळहातावर घेऊन उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "ह्याच्यात जर्मनी मावती का?"

डोंगल कंप्युटरच्या पुढच्या खाचेत घातलं. जाईना. फिरवून घातलं. तरी जाईना. दुसऱ्या खाचेतही तीच गत. आबा म्हणाले, जोर लाव. मी म्हटलं, आबा, ह्याला जोर लावत नसतात. मोबाईलची बॅटरी लावून खाचेत पाहिलं, तर आत सगळं पिवळंधमक.

आमच्या घराण्यात खंडोबाचा भंडारा कशाला लावत नाहीत ते विचारा. दसऱ्याला घरातल्या प्रत्येक हत्याराची पूजा होते: कोयता, कातर, कुदळ, आणि आबा कंप्युटर आणल्यापासून त्याचीही करतात. हे मला माहीत होतं. पण ते कंप्युटरला टिळा लावतात तो त्याच्या कपाळाला लावत असतील असं मी धरून चालले होते. आबा खाचांमध्ये भंडारा भरत होते. दर दसऱ्याला, चिमूट चिमूट, अंगठ्याने दाबून.

"अहो आबा, ही भोकं कशाला भरली?"

"मंग टिळा कुठं लावू? त्याला डोळे ते, नाक ते. तितंच लावत्यात."

"बरं, मागची खाच तरी मोकळी असेल."

"मागं बी लावलाय. जनावराची पूजा तोंडाला एकदा आन शेपटीला एकदा. नुस्तं तोंड पूजलं तं ते उधळतं."

मी मागच्या बाजूला गेले. शेपटी खरंच पूजलेली होती. भंडाऱ्यावर अक्षताही होत्या. मी आबांकडे पाहिलं, ते माझ्याकडे असे पाहत होते की चूक झालीच असेल तर ती ज्याने कंप्युटर बनवला त्याची.

पुढचा सगळा वेळ मी केसातला आकडा आणि लिंबाची काडी घेऊन कंप्युटरचं नाक कोरत बसले. भंडारा वर्षानुवर्षं दाबून सिमेंटसारखा झाला होता. तेवढ्यात शेजारचे काका आले. काकांचं बी-बियाण्यांचं दुकान आहे, त्यांच्या दुकानात वायफाय आहे, आणि गल्लीत फक्त त्यांच्याकडेच असल्यामुळे पाटलाच्या विहिरीसारखा त्यांचा त्यावर ताबा आहे. मोबाईलचं नेट आमच्याकडे व्हिडिओला पुरत नाही, उद्या आम्हाला त्यांचंच वायफाय वापरायचं होतं, म्हणून मी त्यांना आदराने खुर्ची दिली. ती कंप्युटरच्या बरोबर मागे होती.

आत आणखी काय काय साचलंय बघावं म्हणून मी बाजूचं झाकण काढलं आणि कंप्युटर चालू केला. आतला पंखा घरघरला, एकदा थांबला, आणि मग त्याने एकदम वेग घेतला. मी कोरताना आत सांडलेला सगळ्या दसऱ्यांचा भंडारा एका फुंकरीत बाहेर आला. काकांचा पांढरा सदरा, टोपी, भुवया, चहाचा कप, सगळं पिवळं झालं. मी शिव्यांची वाट पाहत उभी राहिले. काकांनी डोळे मिटले, दोन्ही हात जोडले आणि मोठ्याने म्हणाले, "येळकोट येळकोट जय मल्हार!"

"जय मल्हार!" आबा म्हणाले.

"दादा, जागृत हाये हो तुमचा कंप्युटर," काका म्हणाले, आणि त्यांनी बाहेर जाऊन चप्पल काढून ठेवली.

मी कपाळावर हात मारला, तर कपाळही पिवळं झालं. पण त्या फुंकरीने एक गोष्ट चांगली केली. मागची सगळ्यात खालची एक खाच मोकळी निघाली. तिच्यावर फक्त अक्षता होत्या, त्या काढल्या, आणि डोंगल टक्कन आत बसलं. त्यावर निळा दिवा लागला. आबांनी पंख्याच्या दिशेने हात जोडले.

आता रेंज. काकांचं वायफाय आमच्या मधल्या खोलीत एक थेंब पोचत नव्हतं. मी म्हटलं, लांब वायर आणू, काकांकडून ओढून घेऊ. आबा म्हणाले, "वायर कशाला? चारा जनावराकडं येत न्हाई, जनावर चाऱ्याकडं न्यावं लागतं." माझा मोबाईल त्यांनी हातात घेतला, पुढे धरला, आणि रानात गवत शोधायला निघावं तसे घरभर हिंडायला लागले. न्हाणीपाशी एक दांडी. चुलीपाशी शून्य. तुळशीपाशी दोन, पण एका पायावर उभं राहिलं तर. मागच्या अंगणात गेले आणि तिथून हाक आली, "सापडलं! पोटभर हाये!"

मी धावत गेले. आबा दुधासाठी ठेवलेल्या शेळ्यांच्या गोठ्यात उभे होते. गोठ्याची भिंत काकांच्या दुकानाला चिकटून आहे, तेव्हा तिथे रेंज पूर्ण होती. शेळ्यांच्या अंगावरून, दावणीवरून, लेंड्यांवरून ती वाहत होती. इतकी वर्षं आमच्या शेळ्या कोरड्या चाऱ्याबरोबर पूर्ण रेंज खात होत्या आणि आम्ही घरात बसून एका दांडीसाठी तळमळत होतो.

"नाही," मी म्हटलं. "बारसं शेळ्यांच्या गोठ्यात नाही."

"काहून? मी सोता मेंढरातच जन्मलो. काही वाईट झालं का माझं?"

याला उत्तर होतं, पण वडिलांना ते देता येत नाही.

रविवारी सकाळी आबांनी गोठा झाडला, शेणाने सारवला, शेळ्या एका कोपऱ्यात बांधल्या आणि कंप्युटर वाजतगाजत नेला. वाजतगाजत म्हणजे खरंच, त्यांनी पुढे चालत एका शेळीची घंटा वाजवली, कारण नव्या जागी जाताना जनावर बुजू नये. मागे मी पडदा घेऊन, माझ्या मागे काका धड घेऊन. दावणीवर फळी टाकून त्याला बसवला. आईची खाट आणून समोर टाकली. आई खाटेवर बसून नवी साडी सावरत म्हणाली, "इतं बोकडाचा वास येऊन राह्यला." तिला म्हटलं, जर्मनीला वास जात नाही.

कंप्युटरला काकांचं वायफाय दिसलं आणि त्याने पासवर्ड मागितला. मी काकांकडे पाहिलं. काकांनी गोठ्यातल्या प्रत्येकाकडे पाहिलं.

"पासवर्ड मी कुणाला सांगत नसतो. मी सोता टाकतो. समद्यांनी तोंडं फिरवा."

आम्ही तोंडं फिरवली. आईलाही फिरवायला लावलं, जिला फळ्यावरचं अक्षर दिसत नाही. मागे काका एका बोटाने एकेक बटण दाबत होते आणि प्रत्येक बटणानंतर श्वास घेत होते. मग "न्हाई म्हणतंय." पुन्हा एकेक बटण. पुन्हा "न्हाई म्हणतंय." असं बरंच झालं. शेवटी काका चिडले आणि आपण काय दाबतोय ते प्रत्येक अक्षर मोठ्याने म्हणायला लागले, तेही इतक्या जोरात की पलीकडच्या गिरणीतून माणूस बाहेर आला. संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीचे मोबाईल काकांच्या वायफायवर होते. पण ते नंतर. त्या वेळी पासवर्ड लागला. कंप्युटर जगाशी जोडला गेला, आणि काका म्हणाले, "आता तोंडं वळवा."

तोपर्यंत गल्लीतल्या बाया आल्या होत्या. लेकरू तिकडं असलं तरी घराणं इकडं आहे, म्हणून आईने इथेही पाळणा बांधायला लावला होता. पाळण्यात घालायला बाळ नसल्यामुळे वरवंट्याला टोपडं घालून, काजळ लावून त्यात निजवलं होतं. बाया पाळण्याचं गात होत्या, शेळ्या मधेमधे साथ देत होत्या, आणि एका करडाने वरवंट्याचं झबलं चावायला सुरुवात केली होती. मी भावाने पाठवलेली लिंक उघडली. पडदा पांढरा झाला आणि त्यावर लिहून आलं की तुमचं घड्याळ मागे आहे.

मी खाली कोपऱ्यात तारीख पाहिली. आतली छोटी बॅटरी कधीच मेली होती, त्यामुळे वीज तुटली की हा आपल्या जन्माच्या साली परत जायचा. गोठ्यात आणताना आम्ही त्याला बंद केला, आणि तो गेला. ते साल तो आमच्या घरी यायच्याही आधीचं, तेव्हा भाऊ नववीत होता.

"काय म्हणतंय?" आबांनी विचारलं.

"म्हणतोय की तुम्ही जे साल सांगताय ते अजून उगवलंच नाही."

आबांनी यावर मनापासून विचार केला. "बराबर हाये त्याचं. त्याच्या हिशोबानं पोराचं लगीन झालं न्हाई. मंग ते लेकरू कुठून दाखवील?"

"त्याच्या हिशोबानं तं तुमची मेंढरं बी अजून इकायची हायेत," काका म्हणाले.

कंप्युटरच्या पाठीवर हात ठेवून आबा म्हणाले, "मंग ऱ्हाऊ दे की थोडा येळ तसंच."

"त्या साली मी सुईत दोरा ओवत व्हते," आई म्हणाली. "दिव्याखाली बसून. चष्म्याबिगर."

मला त्या क्षणी तारीख बदलायला नको वाटलं. खरंच नको वाटलं. पण तिकडे जर्मनीत बाळ आंघोळ करून, झबलं घालून तयार होतं आणि भाऊ फोनवर ताई, ताई करत होता. मी आकडे बदलत बदलत या वर्षापर्यंत आले. बटण दाबलं आणि आम्ही सगळे पुन्हा म्हातारे झालो.

मग पडदा उजळला. आधी छत दिसलं, मग पंखा, मग कोणाचा तरी कोपर, आणि मग एकदम बाळ. बायांनी "अगं बाई!" केलं. बाळ चांगलं गुबगुबीत होतं, रागावलेलं होतं, आणि सारखं वळवळत होतं. मी आईच्या मागे जाऊन बसले.

आईने मान वाकडी केली. तिला सरळ बघता येत नाही. मधला डाग चुकवायला ती मान एकीकडे कलती करते आणि डोळ्याच्या कडेने बघते. कोंबडी बघते तसं, असं ती स्वतःच हसत सांगते. आता तिने मान कलती केली आणि म्हणाली, "हां... हां... गेलं."

"काय गेलं?"

"तोंड. आत्ता इतं व्हतं. कुठं गेलं?"

"हे काय आई, इथे. उजवीकडे."

तिने मान दुसऱ्या बाजूला केली. तोवर बाळाने तोंड डावीकडे फिरवलं होतं. ती डावीकडे आली, तोवर भावाने बाळाला उचललं. ती वर बघायला गेली, तोवर पुन्हा छत आलं. गोठ्यात सगळ्यांना बाळ दिसत होतं. बायांना, काकांना, आबांना, शेळ्यांनासुद्धा. फक्त जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं तिला सापडत नव्हतं. ती घाबऱ्या घाबऱ्या मान इकडून तिकडे करत होती, जसं गर्दीत हातातून सुटलेलं पोर कोणी शोधावं.

मी फोनवर भावावर ओरडले. "अरे, धर ना त्याला नीट! आईला दिसत नाहीये!"

"ताई, ते बारा दिवसांचं बाळ आहे, त्याला स्टॅच्यू म्हणू का?"

आई म्हणाली, "नको त्याला रागावू. लेकरू हाये, हलणारच." आणि मग हळूच, फक्त मला, "जाऊ दे बाई. आवाज आला, बास झालं." तिने मान सरळ केली आणि पदर डोक्यावर नीट घेतला. तिने आशा सोडली ते मला पाठीमागून कळलं. मला सगळ्यांचा राग आला: आबांचा, काकांचा, शेळ्यांचा, जर्मनीचा.

"ताई, मुहूर्त चाललाय," भाऊ म्हणाला. "मी फोन त्याच्या कानाला लावतो. घे नाव."

मी डोळे पुसले आणि फोन तोंडाशी धरला. पडद्यावर भावाचा हात फोन घेऊन बाळाच्या कानाकडे आला. मी "कुर्रर्र" केलं आणि नाव घेतलं. नाव ऐकून बाळाने एकदम डोळे उघडले, तोंड कॅमेऱ्याकडे केलं, आ वासला आणि मोठ्याने टाहो फोडला.

आणि कंप्युटर बंद पडला.

बंद म्हणजे विझला नाही. अडकला. बाळ आ वासून पडदाभर तसंच राहिलं, आणि टाहोचा एक तुकडा आत अडकून "ट्यँ-ट्यँ-ट्यँ-ट्यँ-ट्यँ" असा न थांबता वाजायला लागला. शेळ्यांना वाटलं कुठलं तरी करडू संकटात आहे. त्या सगळ्या एका सुरात ओरडायला लागल्या. करडाने वरवंटा पाडला. तो एका बाईच्या पायावर पडला, ती ओरडली. काका म्हणाले, बटण दाबा. आबा म्हणाले, कुणी हात लावायचा न्हाई, त्याला दम लागलाय. मी म्हटलं, दम कसला, हँग झालाय, आणि बंद करायला हात पुढे केला.

"नको!"

आई ओरडली होती. आई ओरडत नाही. मी हात तसाच ठेवला.

"हात लावू नको कुणी. तो आवाज तेवढा बंद करा."

आबांनी स्पीकरची वायर उपटली. शेळ्या एकदम गप्प झाल्या, बायाही झाल्या. आई खाटेवरून उतरली आणि दावणीपाशी, पडद्याच्या अगदी पुढ्यात, सारवलेल्या जमिनीवर मांडी घालून बसली. तिने मान कलती केली. मग थोडी आणखी. मग तिने पडद्यावर बोट टेकवलं.

"हा कान," ती म्हणाली.

"हो, आई."

"लहान हाये. चपटा." बोट हळूच सरकलं. मान सरकली. "हितं केस. काळे हायेत का?"

"काळे आहेत."

"काळेच दिसले मला."

काकांनी मागे सरून बायांना बाहेर काढलं. आबा तिच्याशेजारी उकिडवे बसले. त्यांनी विचारलं, "कुणावर गेलंय गं?"

"थांबा हो," ती म्हणाली. "मला समदं एकदम दिसत न्हाई. थोडं थोडं जमवून राह्यले." आणि मग आमच्याकडे न बघता, पडद्यावरचं बोट न उचलता, "थांबलंय माझ्यासाठी. हलून न्हाई राह्यलं तं बराबर दिसतंय मला."

मला रडू आलं. ते लपवायची गरज नव्हती, आबाही रडत होते. मी फोन कानाला लावला. तिकडे बाळ शांत झालं होतं, मागे लोक हसत होते, कोणीतरी पेढे वाटत होतं.

"ताई, तुमच्याकडचं चित्र गेलं वाटतं," भाऊ म्हणाला. "काळजी करू नको, मी परत लावतो. लिंक पाठवू का दुसरी?"

"नको," मी म्हटलं. "काही लावू नकोस. आई अजून कपाळापर्यंतच आलीये."